पट्टी कुठाय?

आमचे बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. ३२ वर्षं एकच दुकान, एकच गादी. रॉक म्युझिकबद्दल मला जे काही पक्कं कळलंय त्यातलं निम्मं त्या गादीपाशी बसून कळलंय असं मी सांगितलं की मित्र नुसते माझ्याकडं बघत राहतात, म्हणून आज एकदा नीट लिहून काढतोय.

दुकानात शेतकऱ्याला पट्टी मिळायची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद. किती पोती, किती वजन, सौद्यात दर काय निघाला, त्याची रक्कम, मग वजा हमाली, वजा तोलाई, आधी काही उचल घेतली असेल तर ती वजा, आणि सगळ्यात खाली निव्वळ देणं. बाबा ती पट्टी प्रत्येक शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे, ज्याला वाचता येतं त्यालाही. मी शाळेतनं तिकडं गेलो की ऐकत बसायचो. मला ते पाठ झालं होतं अक्षरशः, एखाद्या आरतीसारखं.

पुढं मी सांगलीतच इंजिनिअरिंगला गेलो आणि २००१ च्या सुमारास आम्ही चौघांनी बँड काढला. मी बास गिटार वाजवायचो. प्रॅक्टिसला जागा कुठं मिळणार, घरी तर शक्यच नव्हतं, शेवटी ड्रमरच्या चुलत्यांचं गोडाऊन मिळालं, रात्री आठनंतर. तीन बाजूंनी छतापर्यंत राजापुरी हळदीची थप्पी आणि मधे आम्ही. त्या पोत्यांनी आवाज असा काही गिळायचा की स्नेअर ड्रम नुसता टप्प वाजायचा, मागं काही घुमायचंच नाही, प्रत्येकाला आपली चूक लख्ख ऐकू यायची. घरी जाताना केसांत, नखांत, गिटारच्या तारांवर पिवळी धूळ. आई म्हणायची, "काय लग्नाची हळद लावून आलाईस व्हय रे?" आजही त्या बासचं मागचं झाकण उघडलं तर आत पिवळं दिसतं.

आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं, दोन वर्षं गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्राच्या आधी अर्धा तास वाजवलं, बँजो पार्टीवाल्यांचे स्पीकर भाड्यानं घेऊन एकदा स्वतःचा कार्यक्रमही केला. मराठीत गाणी होती, आमची आम्ही लिहिलेली. आणि २००३ ला पुण्याहून एक जण आला, म्हणाला अल्बम करू. सहा गाणी रेकॉर्ड झाली. तीन पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट आलं. मी ते बाबांना दाखवलं. बाबांचं इंग्रजी बेताचं पण कागद वाचायची सवय दांडगी, त्यांनी अर्धा तास बोट फिरवत फिरवत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "यात पट्टी कुठाय?"

मला कळलंच नाही. मी म्हणलं, बाबा, हे अल्बमचं आहे. ते म्हणाले, "असूदे की. माल तुमचा. विकणार तो. किती विकला, खर्च किती झाला, तुम्हाला राहिलं किती, हे तुम्हाला कवा आणि कोण वाचून दाखवणार, ते यात लिहिलंय कुठं?"

लिहिलेलं नव्हतं. सगळे हक्क, कायमचे, सगळ्या जगभर, एवढं मात्र व्यवस्थित लिहिलेलं होतं. आम्ही एकवीस-बावीसचे होतो, चौघांनीही सह्या केल्या. अल्बम आला नाही, पैसे आले नाहीत, दोन वर्षांत त्या माणसाचं ऑफिसही उठलं, आणि ती सहा गाणी कुणाच्या कपाटात आहेत मला आजतागायत माहिती नाही. आमचीच गाणी आम्हाला बाहेर काढता येत नाहीत. बँड त्याच्यावरच मोडला असं नाही म्हणणार, नोकऱ्या लागल्या, एक जण बेंगळुरूला गेला, एक जण शेतीत गेला, पण आतनं काहीतरी विझलं ते त्या कागदानं.

त्याच काळात होस्टेलच्या लॅनवर कुणीतरी टाकलेल्या फोल्डरमधे मला फुगाझी नावाचा अमेरिकन रॉक बँड सापडला. नुसत्या बासनं सुरू होणारं एक गाणं होतं, मग ड्रम, गिटार सगळे आत येतात, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळे एकदम थांबतात. पूर्ण शांतता. मला वाटलं फाईल खराब आहे. मग परत सगळे एकत्र कोसळतात. मी ते त्या रात्री वीसेक वेळा ऐकलं असेल, आणि दुसऱ्या दिवसापासनं हे लोक कोण म्हणून शोधायला लागलो. शोधता शोधता त्यांच्यात गाणारा आणि गिटार वाजवणारा इयन मॅकाय, त्या माणसापर्यंत पोचलो, आणि त्याच्यापासनं अजून लांब गेलेलो नाही.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. जन्म १९६२, वॉशिंग्टन डीसी. राजधानीचं शहर, पण संगीताचा धंदा तिथं नव्हता, तो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला. शाळेतल्या पोरांनी मिळून टीन आयडल्स नावाचा पंक (म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकचा) बँड काढला. तो जेमतेम वर्षभर चालला. वर्षभरात कार्यक्रमांतनं जे पैसे मिळाले ते कुणी खिशात घातले नव्हते, एकत्र साठवले होते, आणि १९८० च्या शेवटी बँड मोडला तेव्हा सहाशेच्या आसपास डॉलर जमले होते. चौघं होते, वाटून घेतले असते तर दीडशे-दीडशे आले असते. त्यांनी ठरवलं की याची रेकॉर्ड काढायची. मोडलेल्या बँडची! ऐकायला कोण आहे, विकणार कोण, काही माहिती नाही. मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन यांनी त्यासाठी लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, काढलं, डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स (आत्ताच्या पोरांना चॅटिंगचं ॲप आठवतं, पण हे त्याच्या कितीतरी आधीचं). सात इंची रेकॉर्ड, एक हजार प्रती. कव्हरं त्यांनी स्वतः कापली, दुमडली, खळीनं चिकटवली. त्या रेकॉर्डचे पैसे परत आले की पुढची, तिचे आले की त्याच्या पुढची.

बास, एवढंच भांडवल. लग्नात बुंदी पाडताना एक घाणा उतरल्याशिवाय दुसरा टाकत नाहीत तसं.

रेकॉर्डिंगसुद्धा असंच, शेजारच्या आर्लिंग्टनमधे डॉन झियेंटारा म्हणून होते, त्यांच्या घराच्या तळघरात इनर इअर नावाचा स्टुडिओ होता, तिथं. हे वाचलं तेव्हा मला आमचं गोडाऊन आठवलं आणि फार बरं वाटलं. पत्रव्यवहाराला पत्ता मॅकायच्या आईवडिलांच्या घराचा. हेही सांगितलं पाहिजे, कारण पाठीशी असं घर प्रत्येकाला मिळत नाही, आणि स्वतंत्र कलाकारांच्या गोष्टी सांगताना लोक नेमकं ते घर गाळतात.

पुढचा त्याचा बँड मायनर थ्रेट, १९८० ते १९८३. त्यांचं एक गाणं आहे ४६ सेकंदांचं, स्ट्रेट एज, त्यात तो म्हणतो की मी पीत नाही, नशा करत नाही, मला माझं डोकं जागेवर हवंय. त्या ४६ सेकंदांतनं जगभर एक चळवळच उभी राहिली, जी काढायचा त्याचा विचारही नव्हता. पण माझ्या दृष्टीनं त्याच्यामागची हातावरच्या फुलीची गोष्ट जास्त मोलाची आहे. तिकडं कार्यक्रम व्हायचे बारमधे, आणि दारू विकतात म्हणून लहान पोरांना आत सोडायचे नाहीत. १९८० मधे टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला वाजवायला गेले तेव्हा एका क्लबनं त्यांच्या हातावर काळ्या मार्करनं फुल्या मारल्या, म्हणजे यांना दारू द्यायची नाही हे बारवाल्याला दिसावं. ती कल्पना त्यांनी डीसीत आणली. क्लबवाल्यांना म्हणाले, आमच्या हातावर फुल्या मारा, आम्ही दारूला हात लावणार नाही, पण आम्हाला गाणं ऐकायला आत येऊ द्या. म्हणजे जी खूण अडवायला मारली होती तीच त्यांनी आत जायची चिठ्ठी करून टाकली.

मिरजेच्या माणसाला हे लगेच कळेल. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाची संगीत सभा होते, अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, तिथंच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या आठवणीत मोठमोठे गवई तिथं हजेरी लावायला येतात. तिकीट नाही. मांडी घालून बसायचं. माझ्या लहानपणी आत्या मला घेऊन जायची, रात्री दोन-अडीचला मी तिच्या मांडीवर झोपलेलो असायचो आणि झोपेतच कुणाचा तरी षड्ज कानात जायचा. बाजूला भाजीवाले, हमाल, प्राध्यापक, सगळे. आपल्याकडं हे कितीतरी वर्षांपासनं सहज चालत आलंय आणि तिकडं एका पोराला त्यासाठी हातावर फुल्या मारून घ्याव्या लागल्या. आणि मग आपल्याकडचाच रॉक बघा, परमिट रूमच्या वरच्या हॉलमधे नाहीतर मोठ्या शहरात हजार-दोन हजारांच्या तिकिटाला. अकरावीतलं पोरगं जाणार कुठं?

१९८७ ला फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला, आणि इथून पुढं जे आहे ते मी बाबांना बसवून सांगितलं होतं, रात्री जेवणं झाल्यावर, कारण मला खात्री होती की त्यांना यातलं संगीत कळो ना कळो, हिशोब कळणार. फुगाझीचं तिकीट पाच डॉलर. कुठल्याही वयाच्या माणसाला आत प्रवेश. मॅनेजर नाही, बुकिंग स्वतः मॅकाय फोनवर करायचा. टी-शर्ट विकायचे नाहीत. प्रवास व्हॅननं, झोपायचं बऱ्याचदा ओळखीच्यांच्या घरी. गर्दीत कुणी दांडगाई करायला लागला, दुसऱ्याला लागेल असं वागायला लागला, तर गाणं थांबवायचे आणि त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे, जा बाबा. रेकॉर्डवर किंमत छापलेली असायची, पोस्टेज धरून, म्हणजे मधल्या दुकानदारानं वाढवून लावली तरी गिऱ्हाइकाला खरी किंमत माहिती. आणि स्वतःच्या गावात, डीसीत, जवळपास सगळे कार्यक्रम फुकट नाहीतर कुठल्यातरी कामाच्या मदतीसाठी.

बाबा मधेच म्हणाले, "म्हणजे त्यानं दर आधी धरला आणि खर्च नंतर बसवला."

मी गप्पच झालो. इतके लेख वाचले होते मी त्याच्यावर, तत्त्वनिष्ठ, बंडखोर, मोठ्या कंपन्यांना नाही म्हणणारा, आणि यातलं कुणीच हे इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. सगळे आधी खर्च करतात, लाईट, हॉटेल, मॅनेजर, व्हिडिओ, आणि मग तो भागवायला तिकीट वाढवतात, मग भरपाईला टी-शर्ट, मग तेही पुरत नाही म्हणून कंपनीची उचल. आणि उचल घेतली की माल कुणाच्या दुकानात घालायचा हे शेतकऱ्याच्या हातात राहत नाही, हे यार्डातल्या कुणालाही विचारा. फुगाझीनं पाच डॉलर हा आकडा खिळ्यासारखा ठोकला आणि बाकी सगळं त्याला अडकवलं. मोठ्या कंपन्या त्यांच्या दाराशी आल्या तेव्हा ते नाही म्हणू शकले कारण त्यांच्यावर कुणाची उचलच नव्हती. आधी ठोकलेल्या खिळ्यामुळं ते नाही म्हणणं सोपं झालं होतं.

मग मी सांगितलं की डिस्कॉर्डमधे बँडशी लेखी करार करत नाहीत. खर्च वजा करायचा आणि राहील ते बँड आणि लेबल यांच्यात वाटून घ्यायचं, तोंडी. मला वाटलं आता बाबा भडकणार. ते म्हणाले, "मग आमच्यात तरी कुठं करार असतोय. शेतकरी शब्दावर पोती टाकून जातोय की. पण पट्टी वेळेवर पायजे. पट्टी थांबली की शब्द संपला." आणि मग विचारलं, बँड कुठले कुठले आहेत? मी म्हणलं फक्त त्यांच्या गावचे, डीसी आणि आसपासचे, बाहेरचा कितीही भारी बँड असला तरी घेत नाहीत. "मग बरोबर आहे," म्हणाले. "रोज तोंड दिसतंय ना."

मला अजूनही वाटतं की डिस्कॉर्ड टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं. ज्याचे पैसे द्यायचेत तो उद्या रस्त्यात भेटणार आहे. १९८० पासनं आजपर्यंत ते लेबल चालू आहे, पहिली रेकॉर्डसुद्धा त्यांनी बाजारातनं गायब होऊ दिलेली नाही.

आमच्या भागाला हा प्रकार नवा नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, विष्णुदास भावेंनी १८४३ ला पहिलं नाटक केलं ते इथंच. आपली जुनी माणसं नाटक मंडळीला 'कंपनी'च म्हणायची, आणि गाणाराच कंपनीचा मालक हे इथं लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. बालगंधर्व आपल्या पलूसजवळच्या नागठाण्याचे, त्यांनी १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढली. मास्टर दीनानाथांनी १९१८ ला बळवंत संगीत मंडळी काढली, सांगलीतच त्यांचं बिऱ्हाड होतं. दोघांच्या गळ्यात जे होतं त्याला तोड नाही आणि मी त्याबद्दल काही बोलणारा कोण. पण दोन्ही कंपन्या कर्जात गेल्या. बालगंधर्वांना प्रेक्षकाला काही कमी द्यायचंच नव्हतं, शालू खरा हवा, पडदे मखमली हवेत, अत्तर खरं हवं. दीनानाथांना सिनेमानं ओढलं आणि बुडवलं. बाबा गंधर्वांचे भक्त, रेडिओवर त्यांचं पद लागलं की हात जोडायचे, आणि तेच हळू आवाजात म्हणायचे की एक चांगला दिवाणजी पायजे होता रे. त्यांच्या तोंडून ते वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय, प्रत्येक वेळी आवाज तसाच, घरातलं कुणीतरी गेल्यासारखा.

२०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. आम्ही आई-बाबांना घेऊन मिरजेला पाहुण्यांकडं गेलो, नऊ दिवसांनी परत आलो तर पाण्याची रेघ पंख्याच्या खाली हातभर. कपाटातल्या खालच्या खणात आमच्या बँडच्या कॅसेट होत्या, गोडाऊनमधल्या प्रॅक्टिसच्या तीन, आणि लग्नाची शूटिंग करणाऱ्या एकानं गणपतीत काढलेली व्हिडिओ टेप. चिखल भरलेला. धुवून, वाळवून, सगळं करून बघितलं. नाही लागल्या. बाबांच्या जुन्या वह्या गच्चीवर विटा ठेवून वाळत घातल्या होत्या, शाई पसरली होती पण आकडे बरेचसे वाचता येत होते, आणि माझ्या सहा वर्षांच्या बँडचा एक सेकंद आवाज आता जगात कुठंही नाही. सहा गाणी त्या माणसाकडं गेली आणि उरलेलं नदीत.

फुगाझी २००२ ला थांबले. भांडून नाही, नुसते थांबले, आणि पैसे मिळतात म्हणून परत एकत्र आले नाहीत. पण साधारण हजार कार्यक्रमांपैकी ८०० हून जास्त त्यांनी रेकॉर्ड करून ठेवले होते, कॅसेटवर, डॅट नावाच्या डिजिटल टेपवर, जे मिळेल त्यावर, आणि २०११ पासनं ते एकेक करून लोकांसाठी खुले करायला लागले. चुकलेले सूर, मधल्या गप्पा, वायर तुटलेली, सगळं तसंच. सुचवलेली किंमत पुन्हा पाचच डॉलर. पुरानंतरच्या त्या महिन्यात, घरभर फिनेलचा वास, भिंती ओल्या, मी हेडफोन लावून ते कार्यक्रम एकामागून एक ऐकायचो. कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी हॉलमधली १९८९ ची एक संध्याकाळ शाबूत आहे. मला हेवा वाटायचा आणि रडू यायचं, दोन्ही.

पुढच्या वर्षी मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. खाली आणि आजूबाजूला तंबोरे-सतारीची दुकानं. शिकलगारांची घराणी ही, आधी हत्यारं करायची, मग दीडशे वर्षांपूर्वी वाद्यांकडं वळली, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. जवारी लावणं (तारेचा झणकार जुळवणं) चालू असतं तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग करत नाही, त्यांचं काम आधी. भिंतींना गोधड्या आणि रिकाम्या पोत्यांचे थर लावलेत, यार्डातनं आणलेली पोती, आवाज बरोबर गोडाऊनसारखा टप्प लागतो. आत्तापर्यंत सांगली-मिरज-जयसिंगपूर-तासगाव इथल्या पोरांचे सात बँड रेकॉर्ड केले. बाहेरचे घेत नाही. कागद एकच, ज्याच्यावर लिहिलंय की गाणी त्यांची आहेत. दर महिन्याला ऑनलाइनचे जे काही येतात, कधी ऐंशी रुपये, कधी अडीचशे, त्याची पट्टी करतो. रक्कम बघून पट्टी करायची नसते हे बाबांनीच शिकवलं.

दोन-तीन महिन्यांतनं एकदा ड्रमरच्या चुलत्यांच्या त्याच गोडाऊनमधे कार्यक्रम करतो, हळदीचा हंगाम नसतो तेव्हा. तिकीट ५० रुपये. दहावीतली पोरं येतात, त्यांच्या आया येतात, समोरचा चहावाला शटर ओढून येतो. प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड होतो आणि तीन ठिकाणी कॉपी ठेवतो, त्यातली एक मुद्दाम विट्याला मामाकडं, नदीपासनं लांब. दाराशी खुर्ची टाकून बाबा बसतात, ७८ वर्षांचे आहेत आता, कानाला मशीन आहे, ते वाजायला सुरुवात झाली की काढून खिशात ठेवतात आणि वही उघडतात.

मागच्या वेळी ६६ लोक होते. ३३०० जमा. स्पीकर भाडं १२००, जनरेटरचं डिझेल ५००, चहा-भडंग २५०. राहिले १३५०. दोन बँड आणि खोली, तीन वाटे. आवराआवर चालली होती, तासगावच्या बँडचा ड्रमर, अकरावीतला, किट व्हॅनमधे टाकून घाईत निघाला होता, बाबांनी त्याला हाक मारली. तो म्हणाला, आजोबा, राहूदे की, सरांकडं द्या. बाबांनी मशीन कानात घातलं, त्याला समोर उभं केलं आणि पट्टी वाचायला सुरुवात केली, जमा तीन हजार तीनशे, वजा स्पीकर बाराशे, वजा डिझेल पाचशे. पोरगं आधी चुळबुळत होतं, मग वाकून कागदात बघायला लागलं. निव्वळ देणं चारशे पन्नास. त्यानं नोटा घेतल्या, खिशात घालणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आधी मोज. आणि हितं सही कर."

त्यानं मोजल्या. मग पेन मागितलं आणि सहीच्या जागी बँडचं नाव लिहिलं.